चढणीची वाट

मृगाच्या सरी दोन-तीन दिवस सलग कोसळल्या, की महाड-पोलादपूरच्या बाजूला रात्री उशिरा शेतांच्या बांधांवर दिवे हलताना दिसतात. बॅटऱ्या, मोबाइलचे दिवे, क्वचित एखादी गॅसबत्ती. ओहोळांना नुकतं गढूळ पाणी आलेलं असतं, खाचरं भरू लागलेली असतात आणि त्या घोटाभर पाण्यातून मासे चढत असतात. नदीतून ओहोळात, ओहोळातून खाचरात, बांधाच्या फटीतून त्याच्याही वरच्या खाचरात. पोटात गाबोळी असलेल्या माद्या पुढे, त्यांच्या मागे नर. दक्षिण कोकणात यांना चढणीचे मासे म्हणतात, रायगड-ठाणे-पालघरकडे वलगणीचे. त्या रात्री वाडीत कुणी झोपत नाही. कुणाच्या खांद्यावर पाग असतो, कुणाकडे बांबूची पाटी, कुणाकडे नुसता कोयता. सकाळी घराघरांतून कालवणाचा वास येतो आणि दुपारपर्यंत हमरस्त्याच्या कडेला वाटे मांडून विक्री सुरू होते.

ही रात्र कोकणातल्या माणसाला किती प्रिय असते, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मलाही ती प्रिय आहे. तिच्याविषयी काळजीने लिहावं असं वाटतं, त्याचं कारणही तेच.

कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्रीच्या कड्यावरून निघायचं आणि शंभरेक किलोमीटरच्या आत खाडीला मिळायचं. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर आणि महाडवरून वाहत बाणकोटच्या खाडीत शिरते. रायगडाच्या डोंगरांतलं पाणी घेऊन गांधारी आणि काळ तिला येऊन मिळतात. या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मार्च-एप्रिलमध्ये वरच्या अंगाच्या नद्यांचं पात्र म्हणजे उघडे धोंडे. पाणी उरतं ते कोंडांत. कोंड म्हणजे डोह, खडकातली खोल जागा, जिथे भर उन्हाळ्यातही पुरुषभर पाणी असतं. पावसाळ्यात मैलोगणती पसरलेले मासे उन्हाळ्यात या मोजक्या कोंडांत गोळा होतात. सबंध नदीचं बियाणं मे महिन्यात अशा चार-दोन जागी साठलेलं असतं, ही गोष्ट नीट ध्यानात घेतल्याशिवाय पुढचं काहीच समजणार नाही.

हे मासे साधे. पापलेट-सुरमईची त्यांना किंमत नाही, धरणातल्या कटला-रोहूसारखा त्यांचा ठेका निघत नाही. ओढ्यातला मळ्या बोटाएवढा. त्याच्या तोंडाखाली एक चकती असते, तिने तो वाहत्या पाण्यात खडकाला चिकटून राहतो आणि पाण्याने भिजलेल्या खडकावरून वरही सरकतो. शिंगटीच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे काटे असतात, ती गरीवरून सोडवताना नवख्याचा हात सुजतोच. वाम दगडाच्या कपारीत असते. मरळ आणि तिचा धाकटा भाऊ डाकू यांना हवेतला श्वास घेता येतो, म्हणून चिखल उरलेल्या डबक्यातही ते तग धरतात. मरळीची जोडी आपल्या पिलांचा थवा राखत फिरते. त्या थव्यावर बेडकी नाचवली की राखण करणारी मरळ चवताळून झडप घालते आणि गळाला लागते. मग पिलं उघडी पडतात आणि इतर माशांच्या तोंडी जातात. जाणते गरवणारे म्हणूनच थव्यासोबतच्या मरळीला हात लावत नाहीत. आणि अहीर? तिची तऱ्हाच उलटी. बाकीचे सगळे अंडी घालायला वर चढतात, अहीर मात्र आयुष्यभर नदीत वाढून अंडी घालण्यासाठी समुद्रात उतरते.

या सगळ्यांत थोरला तो खडस, म्हणजे महाशीर. मोठमोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला. तो किडेही खातो आणि पाण्यात पडलेली उंबरंही. काठावर उंबराचं जुनं झाड असेल तर त्याखालच्या डोहात खडस असणार, हे काठावरच्या पोरालाही ठाऊक असतं.

पाणी निवळलं की गरीचे दिवस येतात. दिवाळीच्या आसपास ते सुरू होतात. परसातल्या बांबूची काठी, तंगूसचा धागा, बारीक गरी आणि मोरपिसाच्या दांडीचा तरंगा, एवढाच सरंजाम. तळाशी चरणाऱ्या माशाला गांडूळ, वरच्या पाण्यातल्या माशाला कणकेची गोळी. तरंगा हलला की कोणता मासा आहे ते अंगात मुरलेल्या माणसाला बघूनच कळतं. खवल्यांचा बारीक मासा टोकत राहतो, शिंगटी तरंगा आडवा ओढत नेते, मरळ एका दमात खाली घेते. गरीवर मासा एकेक येतो. लहान असला तर परत पाण्यात टाकता येतो, आणि पुष्कळजण टाकतात. या मासेमारीने कुठलीही नदी ओस पडलेली नाही.

गरवणारा माणूस नदीकाठी तासन्‌तास बसतो. त्यामुळे कोणत्या कोंडात गाळ भरला, कुठला झरा आटला, कोणता मासा दोन वर्षांत दिसला नाही, हे पहिल्यांदा त्यालाच कळतं. नदीचं असं रोजचं निरीक्षण करणारं दुसरं कुणी गावात नसतं. सरकारी पाहणी होते ती कुठल्या तरी पुलाजवळ.

या जाणकारीला मोठा इतिहास आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरला आणि 1839 साली त्याने दख्खनच्या माशांवरचा आपला अभ्यास लंडनमध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्याने भीमा आणि तिच्या उपनद्यांतले कितीतरी मासे शास्त्राला प्रथमच सांगितले. त्यांतल्या पुष्कळांना नावं देताना काठावरची माणसं जे म्हणत तेच त्याने लॅटिनच्या साच्यात बसवलं. मळ्या आजही जगभर ‘गारा मुल्या’ आहे, शिंगटी ‘मिस्टस सींगटी’ आहे, कोळशी ‘कोलस’ आहे. आपला खडस ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जातो आणि त्याचा मूळ नमुना साइक्सला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. साइक्सचं नाव प्रत्येक ग्रंथात आहे. मासे दाखवणाऱ्यांपैकी एकाचंही नाही. आणि ज्या पात्रात खडस सापडला, त्या पुण्याच्या शहरी पात्रात त्याला जगता येईल असं पाणी आज उरलेलं नाही.

आता चढणीकडे येऊ. उन्हाळाभर कोंडात अडकलेल्या माशाला पहिला पूर येताच काय होतं? पाणी थंड होतं, प्रवाहाला जोर येतो, मातीचा नवा वास पाण्यात उतरतो, ढगांनी उजेड मंदावतो. या साऱ्या खुणा एकत्र आल्या की पिकलेली गाबोळी घेऊन मासा प्रवाहाच्या विरुद्ध निघतो. तो वर जातो, कारण मुख्य नदीत त्या वेळी लोंढा असतो, तिथे अंडी टिकत नाहीत. खाचरातलं पाणी उथळ, संथ आणि उबदार. बुडालेल्या गवताला अंडी चिकटतात. बऱ्याच जातींची पिलं एक-दोन दिवसांत बाहेर येतात आणि शेणखताच्या पाण्यात माजलेल्या सूक्ष्म जीवांवर वाढतात. श्रावण-भादव्यात पाणी उतरू लागलं, की तीच पिलं ओहोळाने परत नदीत येतात. भाताचं खाचर हे नदीचं बाळंतघर आहे. शेतकऱ्याने ते माशांसाठी बांधलेलं नाही, तरी शेकडो वर्षं दोघांचं जमून गेलं.

चढणीच्या रात्री मारलेली प्रत्येक मादी अंडी घालण्याआधी मेलेली असते. पूर्वीही माणसं मारतच होती, मग आताच ओरड का, असं मला नेहमी विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. पूर्वी चढण अडवायचं साधन म्हणजे बांबूचा सापळा, तोही ओहोळाच्या एका अंगाला. मोठा लोंढा आला की वाहून जायचा. माणसं घरच्या चुलीपुरतं धरायची, फार तर सुकवून ठेवायची. आता तंगूसचं जाळं या काठापासून त्या काठापर्यंत ताणून बांधतात आणि रात्रभर तसंच ठेवतात. मच्छरदाणीचं कापडही जाळं म्हणून वापरात आलं आहे, त्यातून काडीएवढं पिलूही सुटत नाही. बॅटरीला इन्व्हर्टर जोडून पाण्यात करंट सोडणारे आले आहेत. ते गावातले असतातच असं नाही. गाडी घेऊन येतात, पोती भरतात, पहाटे निघून जातात. गाबोळीच्या माशाला शहरात चांगला भाव येतो.

एका कातकरी वाडीतल्या आजींशी याविषयी बोलणं झालं. दगड उचलून हाताने मासे आणि खेकडे धरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आजींचं म्हणणं साधं होतं: पूर्वी चढण सात-आठ रात्री चालायची, आता एका रात्रीत आटोपते. मी विचारलं, मासेच कमी झाले म्हणून? त्यावर त्या म्हणाल्या, कोंडात बियाणंच ठेवत नाहीत, दादा, तर चढणार काय?

आजी म्हणतात ते उन्हाळ्यातल्या मासेमारीबद्दल. गेळाची फळं किंवा रामेठ्याचा पाला ठेचून पाण्यात टाकायचा आणि गुंगलेले मासे वेचायचे, ही जुनी रीत सह्याद्रीत सगळीकडे होती. तिचा अंमल थोड्या वेळाने ओसरायचा. आता एप्रिल-मेमध्ये कोंडात ब्लीचिंग पावडर टाकतात, शेतीचं कीटकनाशक ओततात, खाणीतलं जिलेटिन फोडतात. त्यात खाण्याजोगा मासा मरतो तसा बोटभर मळ्याही मरतो, अळ्या मरतात, बेडूक मरतात. एका दुपारी सगळा कोंड रिकामा होतो आणि पुढच्या मृगात त्या ओहोळाला चढायला काही उरत नाही. नदीत स्फोटकं आणि विष टाकून मासे मारणं भारतीय मत्स्य अधिनियमाने 1897 पासून गुन्हा आहे. त्याच कायद्यात निवडक पाण्यांसाठी जाळ्याचा आस, सापळे, बांध यांवर नियम करायची मुभाही सरकारला दिली होती. सव्वाशे वर्षांत कोकणातल्या ओहोळापर्यंत त्यातलं काय पोचलं, ते काठावर कुणालाही विचारा.

खालच्या अंगाला दुखणं वेगळं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकी 53 महाराष्ट्रातले होते, आणि सावित्रीचं नाव त्यांत आहे. त्या पट्ट्यातून मासा जिवंत वर येणार कसा? यावर स्वतंत्र लिहायला हवं. इथे एवढंच म्हणतो, की खाली पाणी असं आणि वर कोंड रिकामे, तर मधल्या ओहोळांवर सगळा भार येतो.

काही कोंड मात्र वाचले आहेत, आणि ते कायद्याने वाचलेले नाहीत. महाड तालुक्यातल्या वाळण गावी काळ नदीवर वाळणकोंड आहे. काठाला वरदायिनी देवीचं ठाणं. कोंडातले मासे देवीचे, त्यांना कुणी धरत नाही. भाविक कुरमुरे-चणे टाकतात आणि मोठमोठे खडस पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात. वाडा तालुक्यात वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वराजवळ हीच रीत आहे. इंद्रायणीवर देहूचा डोह आहे. नदीच्या जीवशास्त्राचं एकही पुस्तक न वाचता आपल्या पूर्वजांनी नेमकी जागा हेरली: उन्हाळ्यात जिथे बियाणं साठतं ती. कोकणातल्या जुन्या व्यवस्थेबद्दल मला फार आदर वाटतो, तो अशा ठिकाणी उभं राहिल्यावर.

खडस वाचवायचा शास्त्रीय प्रयत्नही महाराष्ट्रातच सुरू झाला. राज्याच्या मत्स्य खात्याचे माजी संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी 1970 च्या सुमारास लोणावळ्याला, टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावावर, महाशीरची कृत्रिम पैदास करून दाखवली. तिथून लाखोंनी बोटुकली देशभर गेली. त्यांतली काही कावेरीत सोडली गेली आणि तिथे त्यांचा इतका जम बसला, की कावेरीचा स्वतःचा वशिंडाचा महाशीर मागे हटत गेला. तो आज नष्ट होण्याच्या काठावर आहे. चांगल्या हेतूने केलेल्या कामातूनही असं होतं. म्हणून नदीत बाहेरचं बियाणं आणून ओतण्यापेक्षा तिचं स्वतःचं बियाणं राखणं शहाणपणाचं, असं माझं मत आहे. आफ्रिकी मांगूर आणि चिलापी या बाहेरच्या माशांनी इथल्या माशांचं जे केलं ते पाहिल्यावर तर याबद्दल मला शंका उरलेली नाही.

पण देवाच्या कोंडाने निम्मंच काम होतं. वाळणकोंडातला मासा मे महिन्यात देवीचा असतो. जूनमध्ये तो कोंड सोडून ओहोळात चढतो, तेव्हा तो कुणाचाच नसतो. उन्हाळा राखायची रीत आपल्याकडे आहे. चढणीचे पहिले आठ दिवस राखायची रीत मला तरी कोकणात कुठे आढळली नाही. मासे भरपूर होते आणि जाळी तोकडी होती, तोवर तिची गरजही पडली नसावी.

समुद्रात ही गोष्ट आपण मान्य केली आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. तक्रारी होतात, पण तत्त्व सगळ्यांना पटलेलं आहे. नदीतल्या साध्या माशाला तसा विसावा मिळावा म्हणून मला इंग्लंडचं एक उदाहरण द्यावंसं वाटतं. तिथे सामन आणि ट्राउट हे बड्या लोकांचे मासे. सामनसाठी 1861 सालीच कायदा झाला होता. रोच, चब, डेस, बार्बेल, पर्च यांसारख्या साध्या माशांना मात्र कुणी वाली नव्हता. विणीच्या दिवसांतही ते सर्रास मारले जात. हे मासे धरायचे कामगार. शेफील्डमध्ये चाकू-सुऱ्यांच्या कारखान्यांत राबणारी माणसं सुट्टीला रेल्वेने लिंकनशरच्या नद्यांवर जायची, काठी टाकून बसायची. त्यांच्या संघटनांनी आपल्याच छंदाला आळा घाला अशी मागणी केली. शेफील्डचे खासदार ए. जे. मुंडेला यांनी ती संसदेत नेली आणि 1878 साली कायदा झाला. तेव्हापासून 15 मार्च ते 15 जून हे मासे धरायला बंदी. पुढे 1995 साली बहुतेक तलावांवरची आणि 2000 साली बहुतेक कालव्यांवरची बंदी उठली, नद्यांवरची आजही टिकून आहे. 16 जूनची पहाट तिथल्या गरवणाऱ्यांचा सण असतो.

यातली बंदीची तारीख आपल्या उपयोगाची नाही, त्यांचा वसंत वेगळा आणि आपला मृग वेगळा. तिथला गरवणारा मासा बहुधा परत पाण्यात सोडतो. कोकणात मासा ताटात जातो आणि जावाच. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की मागणी काठावर बसणाऱ्या कष्टकऱ्यांनी केली.

आपल्याकडे उलट झालं. फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरने 1873 साली हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्याच्या माशांवर सरकारला अहवाल दिला. बारीक आसाची जाळी आणि शेतातून परतणारी पिलं अडवणारे सापळे यांवर त्याचा रोख होता. त्याचं निरीक्षण खरं होतं, पण त्यातून नियम वरून आले आणि दोष गरिबाच्या माथी बसला. आजही वलगणीवर बंदीचा विषय निघाला, की पहिली काठी कातकऱ्याच्या पाठीवर पडेल ही भीती खोटी नाही. ज्यांच्या घरात जून महिन्यात धान्य संपलेलं असतं, त्यांच्यासाठी चढणीचा मासा हेच अन्न आहे. महाडच्या भूमीत पाण्यावर हक्क कुणाचा हे 1927 साली एकदा ठणकावून सांगितलं गेलं आहे; तिथे नदी राखण्याच्या नावाखाली गरिबाला काठावरून हाकलणं शोभणार नाही.

म्हणून माझी मागणी बंदीची नाही. पहिल्या चढणीचे आठ दिवस ओहोळ या काठापासून त्या काठापर्यंत कुणी बांधायचा नाही, निम्मी वाट मोकळी ठेवायची. हाताने, पाटीने, पागाने घरापुरतं धरायचं. त्या आठ दिवसांत विक्री नाही, बाहेरची गाडी नाही, करंट तर कधीच नाही. उन्हाळ्यात गावच्या एका तरी कोंडाला देवीच्या कोंडाचा मान द्यायचा, तिथे देऊळ असो वा नसो. पंपाने तो उपसायचा नाही. ओहोळावर सिमेंटचा बंधारा बांधायचा असेल, तर एका कडेला दगडांचा ओबडधोबड उतार ठेवायचा, मासा त्यावरून चढून जातो. चढण लागल्यावर खाचरात तणनाशक मारायचं नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. वन हक्क कायदा, 2006 ज्या गावांत लागू होतो, तिथे पाण्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क मागता येतो आणि हक्काबरोबर राखणीचा अधिकारही येतो. जैवविविधता कायदा, 2002 प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असायला हवी आणि तिने गावच्या जीवसृष्टीची नोंदवही ठेवायची असते. त्या नोंदवहीत कोंडांची नावं आणि माशांची नावं लिहून घ्या. ती सांगायला गावातले गरवणारे आणि कातकरी वाडीतल्या आजी बोलवा, आणि त्यांचीही नावं लिहा.

पाणी निवळून गरीचे दिवस सुरू होतात, तेव्हा पुढच्या मृगाला सात महिने असतात.  कोकणातल्या ज्या वाचकाच्या गावाला नदी आहे, त्याने येत्या ग्रामसभेत हा एकच ठराव मांडावा: चढणीचे पहिले आठ दिवस निम्मा ओहोळ मोकळा.